पेशीभित्तिकेचा अभ्यासक : कार्ल फोन नेगेली

विज्ञानाच्या इतिहासात काही व्यक्ती त्यांच्या मोठ्या कार्यापेक्षा एखाद्या चुकीमुळेच अधिक स्मरणात राहतात. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म फोन नेगेली यांच्या वाट्याला हेच भाग्य आले. ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्यावरील निबंध ज्यांच्या हाती पडला आणि तरीही ज्यांना त्याचे महत्त्व कळले नाही, ते नेगेली, एवढीच त्यांची ओळख आनुवंशिकीच्या पाठ्यपुस्तकांत उरली आहे. ही ओळख खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे. वनस्पतीची पेशी स्वतःभोवती सेल्युलोजाची भिंत कशी उभारते, हा प्रश्न शास्त्रीय स्वरूपात मांडून त्याच्या उत्तराचा पहिला सुसंगत आराखडा ज्यांनी तयार केला, त्यांत नेगेली यांचे स्थान अग्रभागी आहे. सूक्ष्मदर्शकाला जे दिसत नव्हते आणि दिसणे शक्यही नव्हते, ते त्यांनी केवळ अनुमानाने ओळखले. ज्या मनोवृत्तीने त्यांना हे यश दिले, तिनेच पुढे त्यांची दिशाभूलही केली. त्यांच्या चरित्राचे खरे मर्म या दुहेरी वस्तुस्थितीत आहे.

१

नेगेली यांचा जन्म मार्च १८१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिकजवळच्या किल्खबर्ग या गावी झाला. वडील त्या भागात वैद्यकी करीत. मुलानेही तोच व्यवसाय पत्करावा या अपेक्षेनुसार नेगेली यांनी झुरिक विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासाला आरंभ केला. तेथे लोरेन्झ ओकेन यांची व्याख्याने होत असत. निसर्गातील सर्व विविधतेमागे एकच आदितत्त्व कार्य करीत आहे, असे मानणाऱ्या जर्मन निसर्गतत्त्वज्ञांचे ओकेन हे अग्रणी होते. त्या व्याख्यानांनी तरुण नेगेली यांचे मन वैद्यकाकडून निसर्गविज्ञानाकडे वळले.

त्यानंतर ते जिनीव्हाला ऑग्युस्तँ पिराम द कांदोल यांच्याकडे गेले. वनस्पतींच्या वर्गीकरणात द कांदोल यांचा शब्द त्या काळी प्रमाण मानला जाई. त्यांच्या मार्गदर्शनाखाली नेगेली यांनी सिर्सियम या काटेरी वनस्पतींच्या स्विस जातींवर प्रबंध लिहिला आणि १८४० मध्ये डॉक्टरेट मिळविली. पुढे बर्लिनला काही काळ त्यांनी हेगेलच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. उत्तरायुष्यात त्यांनी या तत्त्वज्ञानाचा आपल्यावर प्रभाव असल्याचे नाकारले. तथापि बाह्य घटनांच्या मुळाशी एक आंतरिक, आवश्यक नियम असलाच पाहिजे, ही श्रद्धा त्यांच्या लेखनातून कधीच नाहीशी झाली नाही. द कांदोल यांच्याकडून मिळालेली निरीक्षणाची काटेकोर शिस्त आणि ओकेन-हेगेल यांच्या वातावरणात पोसलेली तात्त्विक आकांक्षा या दोन प्रवाहांचा संगम त्यांच्या व्यक्तिमत्त्वात झाला होता. हे प्रवाह एकमेकांना पूरक ठरले तेव्हा त्यांच्या हातून उत्तम कार्य झाले, आणि आकांक्षा शिस्तीच्या पुढे धावली तेव्हा त्यांचे पाऊल घसरले.

२

१८४२ मध्ये नेगेली येना येथे माथियास श्लायडेन यांच्याकडे आले. वनस्पतीचे सर्व भाग पेशींचेच बनलेले असतात, हा सिद्धांत श्लायडेन यांनी १८३८ मध्ये मांडला होता. त्याच वर्षी पॅरिसमध्ये आन्सेल्म पायाँ या रसायनशास्त्रज्ञाने निरनिराळ्या वनस्पतींच्या ऊतकांतून एकच पदार्थ वेगळा काढला होता. लाकूड असो, पान असो वा बीज असो, आम्ले व अल्कली यांनी इतर द्रव्ये धुऊन काढली म्हणजे शेवटी तोच पदार्थ हाती येई, आणि त्याची घटना स्टार्चसारखीच असे. फ्रेंच अकादमीच्या अहवालात १८३९ मध्ये त्याला सेल्युलोज हे नाव मिळाले. पेशीची भिंत कशाची बनली आहे, हे अशा रीतीने रसायनशास्त्राने सांगितले. ती भिंत बनते कशी, हा प्रश्न मात्र वनस्पतिशास्त्रज्ञांपुढे तसाच उभा होता.

नवी पेशी कशी जन्माला येते याविषयी श्लायडेन यांचे मत चुकीचे होते. जुन्या पेशीतील द्रवात प्रथम केंद्रक तयार होते आणि साखरेच्या पाकात खडा धरावा त्याप्रमाणे त्याच्याभोवती नवी पेशी जमते, असे ते मानीत. नेगेली आणि श्लायडेन यांनी मिळून १८४४ मध्ये वैज्ञानिक वनस्पतिशास्त्राला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. त्यात नेगेली यांनी शैवले, शेवाळी, नेचे आणि सपुष्प वनस्पती यांच्यातील पेशींच्या निर्मितीचा आढावा घेतला. आरंभी त्यांनी श्लायडेन यांचे मत काही अंशी ग्राह्य धरले. परंतु निरीक्षणे वाढत गेली तसतसे ते त्यापासून दूर गेले. १८४६ पर्यंत त्यांचा निष्कर्ष निश्चित झाला : वाढणाऱ्या वनस्पतिभागांत नवी पेशी जुन्या पेशीच्या विभाजनानेच निर्माण होते. आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्याचा सिद्धांत त्याच्याच सहसंपादनाखालील नियतकालिकातून खोडून काढणे, यातून नेगेली यांच्या बौद्धिक प्रामाणिकपणाची साक्ष पटते.

शैवलांच्या शोधात त्यांनी समुद्रकिनाऱ्यांवरही बरेच दिवस घालविले. १८४५ मध्ये विवाह झाल्यानंतर पत्नीसह ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर गेले, आणि तो प्रवासही शैवलांच्या अभ्यासाला उपयोगी पडला. कॉलेर्पा या सागरी शैवलाने त्यांचे लक्ष विशेष वेधून घेतले. हे शैवल दिसायला मूळ, खोड आणि पाने असलेल्या वनस्पतीसारखे. परंतु त्याच्या आत आडव्या भिंती नसतात, सारा देह म्हणजे एकच अखंड पोकळी. पेशीभित्तिकेच्या वाढीचा वाद पुढे याच शैवलावर येऊन ठेपणार होता.

१८५० नंतरच्या काळात नेगेली यांनी फ्रायबुर्ग व झुरिक येथे अध्यापन केले आणि १८५७ मध्ये ते म्यूनिक विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. या काळात त्यांनी आपला शिष्य कार्ल क्रामर याच्यासह वनस्पतींच्या शरीरक्रियांवर संशोधन प्रसिद्ध केले. जिवंत पेशीतील रंगीत रस भिंतीच्या आतील जीवद्रव्याच्या कडेबाहेर जात नाही. पेशी मेली की तो सहज बाहेर झिरपतो, असे त्यांना आढळले. यावरून जीवद्रव्याच्या कडेला, भिंतीला आतून लागून, निवड करणारे एक पातळ पटल असले पाहिजे, असे त्यांनी अनुमानिले आणि १८५५ मध्ये त्याला प्लाझ्मापटल असे नाव दिले. भिंत आणि हे पटल यांचा संबंध किती निकटचा आहे, हे कळायला शंभरांहून अधिक वर्षे जावी लागली.

३

१८५८ मध्ये नेगेली यांचा स्टार्चच्या कणांवरील प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध झाला. बटाट्याच्या फोडीवर आयोडिनाचा थेंब टाकला की निळे दिसणारे हे कण सूक्ष्मदर्शकाखाली शिंपल्यासारखे थरदार दिसतात. शेकडो वनस्पतींतील स्टार्चकणांचे वर्णन या ग्रंथात आहे. परंतु त्याचे महत्त्व वर्णनात नव्हे, तर त्यातून निघालेल्या एका प्रश्नात आहे. कोरडा स्टार्चकण किंवा पेशीभित्तिकेचा तुकडा पाण्यात टाकला तर तो फुगतो, पण विरघळत नाही. साखरेचा खडा पाण्यात नाहीसा होतो. काचेचा तुकडा पाणी आत घेत नाही. वनस्पतीची भिंत या दोहोंपेक्षा निराळी वागते. ती ठराविक मर्यादेपर्यंत पाणी घेते आणि तेथे थांबते. वाळविली की पुन्हा पूर्वस्थितीला येते. इतकेच नव्हे, तर तंतू फुगताना जाडीत बराच वाढतो, लांबीत मात्र फारसा वाढत नाही. हे कसे घडते?

नेगेली यांचे उत्तर असे होते : भिंत हा एकजिनसी पदार्थ नाही. अतिसूक्ष्म, घन आणि स्फटिकवत कणांची ती रचना आहे. प्रत्येक कण पाण्याच्या पातळ आवरणाने वेढलेला असतो. पाणी कणाच्या आत शिरत नाही. ते दोन कणांच्या मध्ये शिरून त्यांना दूर सारते. कण परस्परांना आकर्षित करीत असल्याने हे दूर सारणे एका मर्यादेवर थांबते. कण लांबट असून एका दिशेने रचलेले असतील, तर आडव्या दिशेने त्यांच्यामधील फटींची संख्या अधिक असणार, म्हणून तंतू जाडीत अधिक फुगणार. या कणांना त्यांनी आरंभी रेणू म्हटले. पुढे १८७० नंतरच्या लेखनात, छोटासा कण या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, मायसेल हे नाव दिले.

या कल्पनेला प्रकाशविज्ञानाचा आधार कसा मिळाला, हे पाहण्यासारखे आहे. परस्परांशी काटकोनात ठेवलेल्या दोन निकोल लोलकांमधून पाहिले असता सूक्ष्मदर्शकाचे क्षेत्र काळेभोर दिसते. परंतु त्यात पेशीभित्तिकेचा तुकडा ठेवला तर तो तेजाने उजळतो. याचा अर्थ असा, की भिंतीतून जाणाऱ्या प्रकाशाचा वेग निरनिराळ्या दिशांनी निरनिराळा असतो. हा गुण स्फटिकांचा होय. ताणलेली किंवा दाबलेली काचही अशीच उजळते. त्यामुळे भिंतीतील तेज हे केवळ आतील ताणामुळे असावे, असा आक्षेप घेता येण्याजोगा होता. नेगेली यांनी पेशीभित्तिका ताणून, वाकवून, पाण्याने फुगवून पाहिल्या. काचेतील तेज अशा वेळी झपाट्याने बदलते. भिंतींच्या तेजात तसा फरक पडला नाही. तेव्हा हे तेज ताणापासून आलेले नसून भिंतीच्या घटककणांच्या स्वतःच्या स्फटिकरचनेतून आलेले आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या निष्कर्षाचे मोल त्या काळाच्या पार्श्वभूमीवरच कळते. कार्बनाचे अणू एकमेकांशी जोडले जाऊन साखळ्या बनतात, हा विचार केकुले आणि कूपर यांनी १८५८ मध्येच, म्हणजे नेगेली यांचा ग्रंथ निघाला त्या वर्षी, प्रथम मांडला. सेल्युलोज ही ग्लुकोजाची लांबच लांब साखळी आहे, हे कोणालाही ठाऊक नव्हते. सूक्ष्मदर्शकाची मर्यादा मिलिमीटरच्या काही दशसहस्रांशांपाशी संपते. नेगेली यांचे कण त्याहूनही पुष्कळच लहान. पाण्याने फुगणे आणि ध्रुवित प्रकाशात उजळणे एवढ्या दोन खुणांवरून त्यांनी भिंतीच्या आतील अदृश्य व्यवस्था वाचली. सूक्ष्मदर्शकाच्या उपयोगावर त्यांनी आपले सहकारी सिमोन श्वेंडेनर यांच्यासह लिहिलेला ग्रंथ पुढे अनेक वर्षे प्रयोगशाळांतून वापरला गेला.

याच सुमारास वनस्पतिशरीराच्या रचनेसाठी त्यांनी योजलेल्या संज्ञाही रूढ झाल्या. पाणी वाहून नेणाऱ्या ऊतकाला झायलेम, अन्नरस वाहून नेणाऱ्या ऊतकाला फ्लोएम आणि सतत विभाजन पावणाऱ्या कोवळ्या ऊतकाला मेरिस्टेम ही नावे त्यांनीच दिली. मराठीतील प्रकाष्ठ, परिकाष्ठ आणि विभज्या या संज्ञा त्यांचेच पर्याय होत.

४

भिंतीची रचना ओळखल्यावर तिच्या वाढीचा प्रश्न ओघानेच आला. याविषयी दोन मते संभवत होती. गवंडी भिंतीला आतून गिलाव्याचे थर देत जातो त्याप्रमाणे जीवद्रव्य जुन्या भिंतीवर आतल्या बाजूने नवे थर चढविते, हे एक मत. ह्युगो फोन मोल यांनी ते पूर्वीच मांडले होते. दुसरे मत नेगेली यांचे. त्यांच्या मते नवे कण जुन्या थरावर चढत नाहीत. ते जुन्या कणांच्या मधल्या पाण्याने भरलेल्या फटींत शिरतात आणि तेथेच वाढतात. म्हणजे भिंत बाहेरून लिंपली जात नाही, ती आतूनच भरत जाते. पहिल्या प्रकाराला थरनिक्षेप आणि दुसऱ्याला अंतर्निवेश म्हणता येईल.

नेगेली यांच्या मताला सबळ कारणे होती. कोवळा, लहान स्टार्चकण सर्वत्र घन असतो. मोठ्या कणाचा मध्य मात्र मऊ व पाणीदार असतो. केवळ बाहेरून थर चढत असते, तर मोठ्या कणाच्या मध्यभागी तो मूळचा घन कण तसाच सापडला असता. शिवाय कोवळी पेशी क्षेत्रफळाने अनेक पटींनी वाढते, तरी तिची भिंत फाटत नाही की पातळ होऊन नाहीशी होत नाही. केवळ गिलावा देऊन भिंतीची लांबी वाढत नाही, हा त्यांचा मुद्दा बिनतोड वाटे. यूलिउस झाक्स यांच्यासारख्या थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञाने हे मत स्वीकारले, आणि सुमारे वीस वर्षे जर्मन वनस्पतिशास्त्रावर त्याचे अधिराज्य राहिले.

१८८० च्या सुमारास या अधिराज्याला तडा गेला. आन्ड्रेआस शिंपर यांनी स्टार्चकणांची निर्मिती पेशीतील विशिष्ट घटकांत कशी होते हे तपासून त्यांची वाढ थरनिक्षेपानेच होते, असे प्रतिपादिले. नेगेली यांनी १८८१ मध्ये त्यांना उत्तर देऊन आपला पक्ष लढविला. पुढच्याच वर्षी एडुआर्ट स्ट्रासबुर्गर यांचा पेशीभित्तिकांची रचना व वाढ यांवरील ग्रंथ आला आणि त्यात त्यांनीही थरनिक्षेपाचा पुरस्कार केला. १८८७ मध्ये फ्रिट्स नोल यांनी अत्यंत सोप्या युक्तीने हा प्रश्न प्रयोगाच्या कक्षेत आणला. त्यांनी जिवंत शैवलाची भिंत निळ्या रंगद्रव्याने रंगविली आणि त्याला पुढे वाढू दिले. काही काळाने पाहिले तेव्हा निळ्या भिंतीच्या आतल्या बाजूला रंगहीन नवे थर चढलेले होते. हे शैवल होते कॉलेर्पा, नेगेली यांनी तरुणपणी अभ्यासिलेले. आपल्या सिद्धांताच्या बचावाची धुरा वृद्ध नेगेली यांनी पूर्णपणे खाली ठेवली नाही. त्यांच्या छायेत तयार झालेला कार्ल कोरेन्स हा तरुण याच विषयाकडे वळला. काही शैवलांच्या भिंती अंतर्निवेशाने कशा जाड होतात, यावरील त्याचा निबंध १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला.

५

मायसेलच्या कल्पनेने नेगेली यांना भिंतीपाशी थांबू दिले नाही. १८८४ मध्ये त्यांनी उत्क्रांतीच्या यांत्रिक व शरीरक्रियात्मक सिद्धांतावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात आनुवंशिक गुण वाहून नेणाऱ्या द्रव्याला त्यांनी इडिओप्लाझम असे नाव दिले. हे द्रव्य मायसेलच्या धाग्यांचे बनलेले असून ते धागे जाळ्याप्रमाणे पेशीपेशींतून सर्व शरीरभर पसरलेले असतात, अशी त्यांची कल्पना होती. जिवंत शरीराच्या सामान्य द्रव्यापासून आनुवंशिकतेचे द्रव्य वेगळे काढण्याचा हा एक महत्त्वाचा प्रयत्न होता आणि आउगुस्ट व्हाइसमान यांच्यासारख्यांना त्यातून चालना मिळाली. परंतु भिंतीच्या बाबतीत प्रत्येक अनुमानामागे प्रयोग उभा होता. येथे तसे काहीच नव्हते. जीवांची उत्क्रांती नैसर्गिक निवडीपेक्षा पूर्णतेकडे नेणाऱ्या एका आंतरिक प्रवृत्तीने होते, हे त्यांचे मतही असेच निराधार होते. सूक्ष्मजंतूंच्या निश्चित जाती नसतात, ते एकमेकांत रूपांतर पावू शकतात, हा त्यांचा आग्रहही फर्डिनांट कोन आणि रॉबर्ट कॉख यांच्या संशोधनापुढे टिकला नाही.

मेंडेल प्रकरण याच पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. म्यूनिकच्या उद्यानात नेगेली हायरेसियम या पिवळ्या फुलांच्या वनस्पतींच्या हजारो लागवडी वाढवीत होते. संकरांच्या अभ्यासात त्यांचा अधिकार मोठा होता. म्हणूनच ब्रून येथील मठात राहणाऱ्या मेंडेल यांनी १८६६ च्या अखेरीस आपला वाटाण्यावरील निबंध पत्रासह त्यांच्याकडे पाठविला. नेगेली यांनी उत्तर दिले. पण ते साशंक होते. वाटाण्याच्या प्रयोगांतील संख्यात्मक प्रमाणे त्यांना केवळ अनुभवजन्य वाटली, कोणत्याही आंतरिक आवश्यकतेतून निघालेली नव्हेत. ज्या संशोधकाने फुगण्याच्या मापांवरून अदृश्य स्फटिक ओळखले होते, त्याला तीनास एक या साध्या गुणोत्तरामागील अदृश्य घटक ओळखता आले नाहीत. मेंडेल यांच्या लेखी गुण हे सुटे, एकमेकांपासून स्वतंत्र होते. जीव हा अखंड असून त्याचे इडिओप्लाझमही अखंडच असणार, असे मानणाऱ्या मनाला हे सुटेपण मानवले नाही.

नेगेली यांनीच मेंडेल यांना हायरेसियमच्या आडवाटेला लावले, असे पुष्कळदा सांगितले जाते. त्यात अतिशयोक्ती आहे. मेंडेल यांनी या वनस्पतीवर प्रयोग करण्याचा मनोदय आपल्या पहिल्याच पत्रात कळविला होता. नेगेली यांनी त्यांना उत्तेजन दिले आणि झाडेही पाठविली, हे मात्र खरे. हायरेसियमच्या अनेक प्रकारांत बीज परागणाविनाच तयार होते, त्यामुळे तिच्या संततीत वाटाण्याचे नियम दिसणे शक्यच नव्हते. हे विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झाले. त्या दोघांना ते कळण्याचा मार्ग नव्हता. हा पत्रव्यवहार १८७३ पर्यंत चालला. परंतु १८८४ च्या ग्रंथात आनुवंशिकतेविषयी शेकडो पृष्ठे लिहिताना नेगेली यांनी मेंडेल यांचा उल्लेखही केला नाही. या दोषातून त्यांची मुक्तता करता येत नाही.

६

नेगेली यांचे निधन म्यूनिक येथे १० मे १८९१ रोजी झाले. त्यांच्या कागदपत्रांत एक अप्रकाशित निबंध होता. श्वेंडेनर आणि क्रामर यांनी तो १८९३ मध्ये प्रसिद्ध केला. तांब्याच्या संपर्कात आलेल्या पाण्यात धातूचा अत्यल्प अंश उतरतो आणि तेवढ्यानेही स्पायरोगायरा हे शैवल मरते, असे त्यात दाखविले होते. पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवण्याची रीत असलेल्या भारतासारख्या देशातही धातूंच्या या जंतुनाशक गुणाचा अभ्यास पुढे अनेकांनी केला.

त्यांच्या मृत्यूनंतर मायसेलची कल्पना मागे पडली. तो केवळ कल्पनाविलास होता, असे म्हणणाऱ्यांची संख्या वाढली. तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती क्ष-किरणांमुळे. १९१३ मध्ये निशिकावा आणि ओनो या जपानी शास्त्रज्ञांनी वनस्पतितंतूंतून क्ष-किरण सोडले तेव्हा स्फटिकांकडून अपेक्षित असे आकृतिबंध मिळाले. १९२० नंतर जर्मनीतील संशोधकांनी सेल्युलोजाच्या स्फटिकरचनेची मोजमापे घेतली, आणि १९२८ मध्ये मायर व मार्क यांनी तिचे चित्र मांडले. त्याच वर्षी आल्बर्ट फ्राय यांनी नेगेली यांचे मायसेल सिद्धांतावरील लेखन अभिजात वैज्ञानिक ग्रंथांच्या मालेत पुनर्मुद्रित केले. पुढे फ्राय-विसलिंग या नावाने प्रसिद्धी पावलेल्या याच शास्त्रज्ञाने झुरिकमध्ये पेशीभित्तिकेच्या अभ्यासाची परंपरा उभारली. १९४८ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली भिंतीतील सूक्ष्मतंतू प्रत्यक्ष दिसू लागले. सुटे, आखूड कण नव्हेत, तर लांबच लांब तंतू. नेगेली यांच्या चित्रात एवढी दुरुस्ती आवश्यक ठरली. सेल्युलोजाची एक साखळी स्फटिकवत भागांतून सलग जाते, हे साखळीरेणूंच्या रसायनाने दाखवून दिले होते. भिंतीत सुव्यवस्थित स्फटिकभाग आहेत आणि पाणी त्यांच्या आत न शिरता त्यांच्यामध्ये शिरते, हा गाभा मात्र कायम राहिला.

भिंत विणणारी यंत्रणा कोठे आहे, याचा उलगडा त्याहूनही उशिरा झाला. १९७६ मध्ये एका शैवलाच्या प्लाझ्मापटलात तंतूंच्या टोकांशी कणांच्या रांगा आढळल्या, आणि १९८० च्या सुमारास उच्च वनस्पतींच्या पटलात सहा पाकळ्यांच्या फुलासारखे कणसमूह दिसले. सेल्युलोज तयार करणारी विकरे या फुलांतच असतात, हे १९९९ मध्ये सिद्ध झाले. पेशीच्या आतून प्रत्येक विकराला ग्लुकोजाचे घटक पुरविले जातात. ते एकामागून एक जोडून विकर साखळी पटलाबाहेर सोडते. शेजारच्या साखळ्या एकत्र येऊन जेमतेम ३ नॅनोमीटर जाडीचा तंतू बनतो. तंतू बाहेर पडतो त्याच्याच रेट्याने फूल पटलातून मिनिटाला सुमारे एक-तृतीयांश मायक्रोमीटर या वेगाने पुढे सरकते. पटलाच्या आतल्या बाजूला असलेल्या सूक्ष्मनलिका त्याला रुळांप्रमाणे दिशा देतात. ही वाटचाल २००६ मध्ये जिवंत पेशीत प्रत्यक्ष पाहण्यात आली. कापसाचा तंतू म्हणजे अशाच असंख्य फुलांनी एका पेशीभोवती विणलेली, जवळजवळ शुद्ध सेल्युलोजाची भिंत होय.

या ज्ञानाच्या प्रकाशात जुन्या वादाचा निकाल काय लागतो? सेल्युलोजाचे तंतू प्लाझ्मापटलावर, म्हणजे भिंतीच्या आतल्या पृष्ठावर तयार होतात आणि थरावर थर चढत जातो. तेव्हा मोल, स्ट्रासबुर्गर आणि नोल यांचा पक्ष खरा ठरला. परंतु भिंत केवळ सेल्युलोजाची नसते. पेक्टिन व हेमिसेल्युलोज ही द्रव्ये पेशीच्या आत तयार होऊन बाहेर टाकली जातात आणि जुन्या तंतूंच्या फटींतून भिंतीत खोलवर पसरतात. वाढत्या पेशीत जुने तंतू एकमेकांपासून सरकतात आणि मधल्या जागेत नवे द्रव्य सामावते. नेगेली यांनी सेल्युलोजाबद्दल जे म्हटले ते चूक होते. ज्या अडचणीतून त्यांनी ते म्हटले, ती अडचण खरी होती, आणि तिचे उत्तर शोधताना त्यांच्या पक्षालाही थोडी जागा द्यावी लागली. योगायोग असा, की भिंतीच्या निर्मितीचे जे स्थान अखेर सापडले ते पटल १८५५ मध्ये ओळखून त्याला नाव देणारे नेगेलीच होते. फक्त भिंतीचा शोध घेताना त्यांनी त्या पटलाकडे पाहिले नाही.

७

नेगेली यांच्याकडे शिकलेला आणि पेशीभित्तिकेवर पहिला निबंध लिहिणारा कोरेन्स पुढे त्यांच्याच नात्यातील मुलीशी विवाहबद्ध झाला. संकरांवर प्रयोग करता करता १९०० मध्ये तो स्वतंत्रपणे मेंडेल यांच्या नियमांपर्यंत पोहोचला, आणि या शोधाचा मान त्याने मेंडेल यांना दिला. मेंडेल यांनी नेगेली यांना लिहिलेली दहा पत्रे नेगेली यांच्या संग्रहातून मिळवून ती १९०५ मध्ये त्यानेच प्रसिद्ध केली. गुरूने दुर्लक्षिलेले सत्य शिष्याने उजेडात आणले. त्याबरोबरच गुरूच्या दुर्लक्षाचा पुरावाही त्याच्याच हातून जगापुढे आला. तो पुरावा दडविणे त्याला कठीण नव्हते. एका प्रकारे, १८४६ मध्ये श्लायडेन यांचे मत खोडून काढणाऱ्या तरुण नेगेली यांचाच कित्ता त्याने गिरविला.

दृश्यामागील अदृश्य व्यवस्था शोधण्याची नेगेली यांची ओढ दुर्मिळ होती. तिला मापांची आणि प्रयोगांची जोड मिळाली तेव्हा पेशीभित्तिकेचे अंतरंग उलगडले. ती जोड सुटली तेव्हा इडिओप्लाझमचे जाळे उरले. मेंडेल यांच्या निबंधाबाबत तर मापे समोर होती, पण ती दुसऱ्याची होती. नेगेली यांच्या आयुष्याचा हिशेब मांडताना त्या एका निबंधावरून त्यांना दोषी ठरवून थांबणे सोपे आहे. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात आजही रोज उच्चारली जाणारी प्रकाष्ठ, परिकाष्ठ, विभज्या यांची मूळ नावे, आणि पाण्याने फुगूनही न विरघळणारी प्रत्येक पेशीभित्तिका, त्या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला लिहावी लागेल.